‘महिन्याला दोनच हजार लावतो. मर्यादेत राहून ऑनलाइन जुगार कसा खेळावा?’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पगार बावीस हजार, महिन्याला दोन हजारांच्या वर लावायचं नाही असं ठरवलंय, पण दोन-तीनदा हात सुटला. व्यसन म्हणावं असं काही नाही, फक्त शिस्त लावायची आहे, ती कशी लावावी?

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. मानसशास्त्राचं शिक्षण नाही. चौदा महिन्यांत तीन लाख चाळीस हजार रुपये मोबाइलवर घालवलेत, उत्तर लिहायला एवढीच पात्रता.

आधी कायद्याचं उरकून टाकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात सरसकट बंद केलेत, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं किंवा पन्नास लाखांपर्यंत किंवा दोन्ही. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. रमीच्या आणि फॅन्टसी क्रिकेटच्या मोठ्या कंपन्यांनी तेव्हाच पैशाचे खेळ गुंडाळले. मग तुम्ही आज जे खेळताय ते एक तर परदेशातली साइट आहे, नाही तर कुणीतरी व्हॉट्सॲपवर दिलेली ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याचं खातं. तिथे जिंकलात आणि पैसे आले नाहीत, तर दाद मागायला दारच नाही. कंपन्यांच्या ॲपमध्ये निदान महिन्याची मर्यादा घालायचं बटण तरी असायचं. आयडीवाल्याकडे कसलं बटण?

आता मुद्द्याचं.

आमच्याकडे जुगार मोबाइलने आणला नाही. खानदेशातले असाल तर आखाजी काय ते तुम्हाला सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, घागर भरली जाते, आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी होते. आणि गडीमाणसं पारावर पैसे लावून पत्ते कुटतात. झन्नामन्ना, तीन पत्ती, रमी. आमचे आबा एरवी वर्षभर पत्त्याला शिवत नाहीत, पण आखाजीला सकाळीच टोपी घालून पारावर हजर. खिशात पाचशे रुपये, सगळे दहा-वीसच्या नोटांत, आईने मोजून दिलेले. ते संपले तरी आबा उठत नाहीत. मागे सरकून बसतात आणि दुसऱ्यांच्या पानांवर मतं देतात. खरं सांगायचं तर ते त्यांना खेळण्यापेक्षा जास्त जमतं.

तोही जुगारच. १८८७ सालचा जुगारबंदीचा कायदा पारालाही लागू होतो, पोलिसांची गाडी दिसली की चपला टाकून पळापळ होते. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला फिटतं, हिशेबाची रक्कम हातात येते, आणि ती दोन दिवसांत उडवून पुन्हा मालकाकडेच उचल मागायला गेलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. तेव्हा जुनं ते सोनं वगैरे मला म्हणायचं नाही. पण त्या जुगाराला बांध होता. खेळ दोन-तीन दिवसांचा, खिशात असेल तेवढ्याच नोटांचा. आणि भोवती बसलेले सगळे ओळखीचे. मी सातवी-आठवीत असताना भाऊबंदकीतल्या एकाने हरल्यावर पोराला घरी पिटाळलं, बायकोची गळ्यात घालायची पोत घेऊन ये म्हणून. पोरगं पोत घेऊन आलंही. तेव्हा एका म्हाताऱ्याने पत्त्यांच्या गड्डीवर आपला पंजा ठेवला आणि म्हणाला, “आते बस. घर चाल भो.” डाव तिथेच मोडला. पोत पोराच्या हातूनच परत गेली.

मोबाइलवर गड्डीवर पंजा ठेवायला कुणी नसतं. उलट रात्री दोन वाजता हरून फोन खाली ठेवला की मेसेज येतो, ‘तुमच्यासाठी खास, भरा पाचशे, मिळवा हजार.’ तुमची दोन हजारांची मर्यादा घातली कुणी? तुम्हीच. मोडायला परवानगी कुणाची लागते? तुमचीच. आणि ती मागायची वेळ नेमकी येते तेव्हा तुम्ही हरलेले असता, झोप उडालेली असते आणि डोकं जागेवर नसतं. ‘शिस्त कशी लावावी’ या प्रश्नात मला खोट दिसते ती इथे. स्वतःला घातलेला बांध स्वतःच फोडता येतो.

‘मी हुशारीने खेळतो’ असंही तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. मग हा हिशेब पाहा. पत्त्याच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. ॲपही नाल काढतं, फक्त दिसत नाही. समजा दोघं अगदी सारख्याच तयारीचे खेळाडू, प्रत्येकाकडे एक हजार, डाव शंभराचा आणि नाल दहा टक्के. डावावर दोनशे लागले, जिंकणाऱ्याला एकशे ऐंशी, वीस ॲपला. असे शंभर डाव झाले की दोघांचे मिळून दोन हजार ॲपकडे गेलेले असतात आणि ते दोघं एकमेकांना हरवतच बसलेले असतात. शंभर डाव म्हणजे मोबाइलवर दोन-चार रात्री. रुलेटचंही तेच. चाकावर शून्य धरून सदतीस घरं, आणि तुमचं घर लागलं तर लावलेले परत आणि वर पस्तीस पट, म्हणजे एकूण छत्तीस पट. ती एका घराची तफावत म्हणजे दर शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे. कुणी लबाडी करायची गरजच नाही.

मी पन्नास रुपयांच्या फुकट बोनसवर सुरुवात केली, फेब्रुवारी २०२२ मध्ये. पहिल्याच आठवड्यात अठराशे जिंकलो. माझ्या मते तोच माझा सगळ्यात मोठा तोटा. त्या आठवड्यात हरलो असतो तर ॲप काढून टाकलं असतं.

एप्रिल २०२३ ची गोष्ट. एक केळीवाला शेतकरी पाच एचपीची पाणबुडी मोटार घेऊन आला आणि तारेसाठी सहा हजार रोख देऊन गेला. त्या रात्री ते सहा हजार खात्यात भरून रमीत घालवले. सकाळी दुसरीकडून उधारीवर हलकी तार आणली. पाणबुडीची मोटार भरायची म्हणजे लांबलचक स्टेटरच्या, म्हणजे मोटारीतल्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांतून तार हाताने ओढून घ्यायची, एकेक फेरा, तोंडाने मोजत. ठरलेल्या फेऱ्यांत एका कॉइलला कमी-जास्त झालं की फेज सारखे राहत नाहीत, मोटार तापते. मी एका हाताने तार ओढत होतो, फोन समोर बाकावर टेकवलेला, त्यावर डाव चालू. बेचाळीस म्हटलं, पानं बघितली, टाकली, आणि पुढचा त्रेचाळीस होता की पंचेचाळीस ते आठवेना. उलगडून पुन्हा मोजायला हवं होतं. मी तसाच पुढे ओढत राहिलो.

चौथ्या दिवशी मोटार परत आली. जळाली की वार्निशचा एक कडवट वास येतो, तो छोटा हत्ती दारात थांबायच्या आधीच मला आला. शेतकरी भांडला नाही. “केयी सुकी राहिनी भो,” केळी सुकतेय, एवढंच म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसून राहिला. बाहेर चव्वेचाळीसचं ऊन.

आता तुम्हाला वाटेल, शरम वाटून मी तिथे थांबलो. त्याच रात्री मी पुन्हा खेळलो. त्याची नुकसानभरपाई ‘काढायची’ होती ना. गेलेले पैसे काढायचे, हे एक वाक्य ज्याच्या तोंडात बसलं त्याने आपलं काय चाललंय ते समजून घ्यावं. जिंकायच्या हौसेने मी पहिले दोन महिनेच खेळलो असेन, उरलेला सगळा वर्षभराचा खेळ काढण्यासाठीच होता.

सुटका झाली ती बायकोमुळे. आखाजीला माहेरी जाताना पोत घालायची म्हणून तिने डबी उघडली. पोत दोन महिन्यांपूर्वीच गहाण पडली होती. पारावरची पोत म्हाताऱ्याने परत पाठवली, माझ्या घरातली कुणाला न कळता गेली.

पुढे आम्ही जे केलं ते सांगतो, तुम्हाला त्यातलं काही घेता आलं तर पाहा. माझ्या मुख्य खात्यावरचं यूपीआय बंद केलं. दुकानाचे पैसे बायकोच्या खात्यात यायला लागले, दुकानातला क्यूआर कोडही तिच्याच नावाचा. झटपट कर्ज देणारी तीन ॲप होती, त्यांचं कर्ज भावाने फेडलं आणि ॲप काढली. जुगारापेक्षाही त्या कर्जांनी मला जास्त खोलात नेलं, कारण हातातले पैसे संपले तरी डाव संपत नव्हता. तारेच्या व्यापाऱ्याला जाऊन सांगितलं की मला उधार देऊ नका, कारणही सांगितलं. आबांना सांगणं सगळ्यात जड गेलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, “किती?” आकडा सांगितल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली.

यातलं एकही कुलूप माझ्या स्वतःच्या हातात नाही, आणि ते मुद्दामच. तरीही जूनमध्ये मित्राच्या फोनवरून एकदा खेळलोच. आठशे गेले. त्या दिवशी संध्याकाळी घरी सांगितलं, पहिल्यांदाच न विचारता.

१४४१६ हा नंबरही त्याच महिन्यात फिरवला. टेलि-मानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. दुकानाच्या मागे भंगाराच्या ढिगावर बसून बोललो. पलीकडच्या बाईंनी किती हरलात हे विचारलंच नाही. विचारलं ते असं: गेलेले काढायला खेळता का, घरी खोटं सांगता का, खेळायचं नाही ठरवलं की चिडचिड होते का, आधी लागायची त्यापेक्षा मोठी रक्कम आता लागते का. चारही हो. मग त्यांनी जळगावला मनोविकारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं, गेलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार दारू-तंबाखूच्या व्यसनांशेजारीच ठेवलाय, हे मला तिथे कळलं. ‘चांगल्या घरचा पोरगा असं कसं करतो’ हे ऐकून ऐकून कान किटले होते, त्यामुळे आजार हा शब्द ऐकून मला बरंच वाटलं. कर्जापायी जिवाचं काही करून घ्यावं असा विचार कधी मनात आला, तर सकाळची वाट न पाहता तेव्हाच हा नंबर लावा.

अजून दोन गोष्टी, गावाकडच्या पोरांसाठी. ‘तुझं बँक खातं दे, महिन्याला पाच हजार देतो’ म्हणणारा भेटला तर लांब राहा. सट्ट्याचे आणि फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच खाती लागतात, पोलीस आधी खातं गोठवतात आणि मग खातेदाराला शोधत येतात. दुसरं म्हणजे ‘तुमचे हरलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे. माझ्यासारख्या पोळलेल्यांचेच नंबर त्यांना बरोबर सापडतात. असं कुणी लुबाडलं तर १९३० वर लगेच कळवा, जितकं लवकर तितके पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

आता तुमच्या दोन हजारांकडे. आज बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि पेनाने खुणा करत बेरीज करा. जिंकलेले आत आले ते वजा करू नका, फक्त बाहेर गेलेले. मी महिन्याला तीन हजार म्हणायचो आणि बेरीज सरासरी चोवीस हजारांवर गेली होती. तुमची खरंच बारा हजार निघाली तर माझं वरचं सगळं खोडून टाका आणि खाली तसं लिहा. नाही निघाली, तर तो कागद घरातल्या ज्या माणसाला दाखवायची सगळ्यात जास्त भीती वाटते, त्यालाच दाखवा.

मी आजही तार आणायला रोख घेऊन जातो. बायको सकाळी मोजून देते, वर पावती मागते. मोबाइलवर पैसे का पाठवत नाहीस म्हणून तारेच्या दुकानातला नवीन पोऱ्या दर वेळी विचारतो. त्याचा मालक त्याला डोळ्यांनी गप्प करतो आणि नोटा मोजायला घेतो.