वाचकांचे प्रश्न : पिकअपचा पुढचा बंपर बदलायचाय

प्रश्न : माझी २००९ ची बोलेरो पिकअप आहे, केळीची गाडी. मागच्या आठवड्यात फैजपूरच्या अलीकडे पुढच्या ट्रॉलीवाल्याने एकदम ब्रेक मारला आणि माझा बंपर डाव्या बाजूने पूर्ण आत गेला, टायरला घासायला फक्त दोन बोटं राहिली. डेंटर म्हणतो ठोकून सरळ करतो, भाऊ म्हणतो भंगारातून आण, आणि गावातली पोरं म्हणतात जाड पाईपाचं गार्डच मारून घे, कायमची कटकट मिटेल. काय करू? (एक वाचक, रावेर तालुका)

उत्तर : दादा, बंपरचं नंतर बघू, आधी त्याच्या मागे बघा. बंपर चेसिसच्या (गाडीच्या खालच्या मुख्य सांगाड्याच्या) टोकाला ब्रॅकेटवर बसतो, आणि मार टायरपर्यंत आलाय म्हणजे ब्रॅकेट तर वाकलंच असेल, चेसिसचं टोकही सरकलं असू शकतं. टेप घ्या, डावीकडच्या मागच्या एका होलापासून उजवीकडच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा, मग उजवीकडच्या मागच्या तशाच होलापासून डावीकडच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा. दोन्ही मापं सारखी यायला पाहिजेत. फरक आला तर आधी चेसिस सरळ करून घ्या, नाहीतर नवा कोरा बंपरपण तिरकाच बसेल आणि तुम्ही होल मोठे करत बसाल.

ठोकून सरळ करायचं माझं मत नाही. पत्रा एकदा मुडपला की त्या घडीवर कमजोर होतो, आणि इतक्या जुन्या गाडीत आतून गंज असतोच. भंगारातला चालेल, पण तुमच्याच मॉडेलचा पाहिजे आणि ब्रॅकेटसकट घ्या, मागून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आत गेला तर सोडून द्या.

गार्डचं मात्र मनातून काढून टाका, हे मी हात जोडून सांगतो. जाड पाईप दबत नाही, सगळा दणका सरळ चेसिसला जातो, आणि समोर माणूस आला तर तो वाचत नाही. २०१७ पासून केंद्राने राज्यांना असल्या गार्डवर कारवाई करायला सांगितलंय, कायद्यात दंड ५,००० रुपये आहे, आणि तुमची गाडी आठ वर्षांच्या वरची म्हणजे पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी, तिथे अडकाल ते वेगळंच.

जुने बोल्ट आदल्या रात्री डिझेल टाकून भिजत ठेवा, सकाळी सुटतात. नवे बोल्ट डोक्यावर ८.८ (मजबुतीचा ग्रेड) लिहिलेले घ्या, स्प्रिंग वॉशर टाका. कुठे वेल्डिंग करावंच लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, नाहीतर अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करतो तो) डायोड उडतात. वेल्डिंगवर रेड ऑक्साईड (गंज रोखणारा प्रायमर) मारूनच कलर करा. इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टी असेल तर या खर्चातलं काही मिळणार नाही, ते धरून चाला.

आणि रेडिएटरला कुठे मार लागलाय का ते आत्ताच बघा, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा भरलेली गाडी घेऊन रस्त्यात गरम झाली तर माल गेला. बंपर बसला की रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही हेडलाईटचा झोत एका उंचीवर येतो का बघून घ्या, धडकेत डावा बहुतेक हललाच असेल.