महागड्या म्युझिक सिस्टीमसाठी परवडणारा घरसामानाचा विमा कसा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सिंहगड रस्त्याला तळमजल्यावर भाड्याने राहता, साधारण नऊ लाखांची सिस्टीम आहे (फ्लोअरस्टँडिंग स्पीकर, ट्यूब अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल, डिजिटल संगीताचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डॅक, इंटरनेटवरून गाणी वाजवणारा स्ट्रीमर), शिवाय पाच-सहाशे रेकॉर्ड. निम्म्या वस्तू सेकंडहँड घेतलेल्या. एजंटने सुचवलेलं पॅकेज महाग आहे आणि त्यात ऑडिओचा उल्लेखच नाही. तर स्वस्तात, पण खरोखर उपयोगी पडेल असा विमा कोणता?

मी विमा सर्व्हेअर आहे. नुकसान झालं की घरी येऊन पाहणी करायची, कागद तपासायचे आणि किती रक्कम देय होते याचा अहवाल द्यायचा, हे माझं काम. पॉलिसी विकत नाही. संगीत ऐकायचं वेड मलाही आहे, त्यामुळे तुमची काळजी मला नीट कळते.

'ऑडिओ सिस्टीमचा विमा' असं नाव असलेली पॉलिसी शोधण्यात वेळ घालवू नका. आधी ठरवा की भीती नेमकी कशाची आहे: पाणी आणि आग, चोरी, की विजेचा दाब. या तिन्हींचे हप्ते वेगवेगळे, नियम वेगवेगळे. एजंट तिन्ही एका पॅकेजमध्ये बांधतो, वर दागिने, प्रवासातलं सामान, वैयक्तिक अपघात, सार्वजनिक दायित्व असे विभाग जोडतो आणि हप्ता फुगतो. तुम्हाला यातले निम्मे विभाग नकोच आहेत.

पाण्याआगीपासून सुरुवात करू, कारण तुमच्या पत्त्यावर तीच पहिली गरज आहे. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या तळमजल्यांचं काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. यासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. १ एप्रिल २०२१ पासून घरांचा आगीचा विमा करणाऱ्या सर्व जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ती ठेवणं बंधनकारक झालं, आणि मूळ मजकूर सगळीकडे सारखा असतो. म्हणून या भागापुरती तुलना फक्त हप्त्याची आणि क्लेमच्या सेवेची करायची. आग, स्फोट, वीज कोसळणं, भूकंप, पूर, वादळ, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं त्यात येतं. भाडेकरू नुसत्या सामानाची पॉलिसी घेऊ शकतो. इमारतीचा विमा मालकाने किंवा सोसायटीने काढायचा. सोसायटीच्या पॉलिसीत तुमचं सामान धरलेलं नसतं, त्या भरवशावर राहू नका.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. या पॉलिसीत सामानाचे दोन प्रकार आहेत: सर्वसाधारण आणि मौल्यवान. दागिने, चांदी, चित्रं, जुन्या दुर्मिळ वस्तू मौल्यवान गटात. तिथे एकूण ५ लाखांपर्यंत आणि एका वस्तूला १ लाखापर्यंत मूल्यांकनाचा दाखला लागत नाही, त्यापुढे लागतो. 'एका वस्तूला १ लाख' एवढंच लोकांच्या कानावर पडतं आणि तीन लाखांचे स्पीकर बसणारच नाहीत असं ते धरून चालतात. पण घरातली इलेक्ट्रॉनिक्स, टीव्ही-फ्रिजपासून तुमच्या अॅम्प्लिफायरपर्यंत, सर्वसाधारण गटात जातात. तिथे विमा रक्कम तुम्ही जाहीर कराल ती.

आणखी एक गोष्ट तुमच्या फायद्याची. भारत गृह रक्षामध्ये कमी रकमेचा विमा काढला म्हणून क्लेम त्या प्रमाणात कापत नाहीत. तरीही रक्कम पूर्ण घ्या, कारण या भागाचा हप्ता सगळ्यांत कमी. दहा-बारा लाखांच्या सामानाचा वर्षाचा आकडा सहसा शेकड्यांत, फार तर हजार-दीड हजारांत बसतो. त्यावर १८ टक्के जीएसटी. इथे काटकसर करण्यासारखं काही नाही. सिस्टीमबरोबर फर्निचर, कपडे, स्वयंपाकघर सगळं धरा.

आता विजेच्या दाबाबद्दल. या मजकुरात एक अपवाद आहे आणि तो ऑडिओवाल्यांना सगळ्यांत जास्त लागतो. शॉर्टसर्किट, जादा व्होल्टेज, आतून तापणं, विजेची गळती यामुळे ज्या उपकरणाचं नुकसान झालं, त्या उपकरणाचे पैसे मिळत नाहीत; कारण आकाशातली वीज असली तरीही. म्हणजे असं: अॅम्प्लिफायरमध्ये शॉर्ट झालं, आग लागली, पडदा पेटला, स्पीकर आणि रेकॉर्ड जळाल्या. स्पीकर, रेकॉर्ड, पडदा यांची भरपाई मिळते. ज्या अॅम्प्लिफायरपासून सुरुवात झाली त्याची नाही. आग न लागता तो नुसताच उडाला, तर काहीच नाही. असा क्लेम घेऊन बसलेल्या माणसाला हे समजावून सांगणं मला दर वेळी जड जातं, कारण त्याने पॉलिसी घेतलेली असते, हप्ते वेळेवर भरलेले असतात आणि वस्तू डोळ्यांसमोर मेलेली असते.

यावर विम्यातला उपाय म्हणजे पॅकेज पॉलिसीतला 'इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा बिघाड' हा विभाग. त्याचा हप्ता आगीच्या मानाने बराच जास्त. उपकरणाच्या वयाची अट असते, घसारा (वयामुळे घटलेली किंमत) कापतात, आणि दहा-पंधरा वर्षांचा जुना अॅम्प्लिफायर कंपनी सहसा घेतच नाही. ट्यूब, कार्ट्रिज (टर्नटेबलची सुई धरणारा भाग), सुई या झिजणाऱ्या वस्तू म्हणून वगळतात. नव्या, वॉरंटी संपत आलेल्या एखाद्या महागड्या उपकरणापुरता हा विभाग मिळाला तर जरूर घ्या. सगळ्या सिस्टीमसाठी घेणं मला पटत नाही.

त्याऐवजी तोच पैसा डिस्ट्रिब्यूशन बोर्डात, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीत, घाला. आपल्याकडे मोठा घात करतो तो तुटलेला न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार. इमारतीला थ्री फेज येतो, न्यूट्रल सैल झाला की एखाद्या फ्लॅटमध्ये २३० च्या जागी चारशेच्या जवळ व्होल्टेज जातं. तुमचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (विजेच्या गळतीला पडणारा स्विच) हे थांबवण्यासाठी बनलेलेच नाहीत. लागतो तो ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर (व्होल्टेज फार चढलं-उतरलं की पुरवठा तोडणारा), बोर्डातच पट्टीवर बसणारा, आणि त्याच्यासोबत सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (विजेची क्षणिक उसळी जमिनीत सोडणारं). दोन्हींचा खर्च मिळून काही हजार. भाड्याचं घर असलं तरी मालक सहसा नाही म्हणत नाही, कारण फायदा त्याच्याही घराला होतो. सोडताना काढूनही नेता येतं. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. अर्थिंग नसेल तर सर्ज डिव्हाइस नुसतं शोभेला. बाजारातल्या स्पाइक गार्डच्या पट्ट्यांवर नऊ लाखांचा भार टाकू नका. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, आणि इंटरनेटची वायरही काढा; तिच्यातूनही स्ट्रीमर गेलेले मी पाहिले आहेत.

चोरीचा भाग वेगळाच. भारत गृह रक्षाच्या मूळ मजकुरात चोरी फक्त एकाच परिस्थितीत येते: आग, पूर असं काही घडलं आणि त्याचाच फायदा घेऊन सात दिवसांच्या आत सामान चोरीला गेलं तर. एरवीची घरफोडी त्यात नाही. ती जोड (मूळ पॉलिसीला जादा हप्ता भरून जोडलेलं संरक्षण) म्हणून किंवा पॅकेजमधून घ्यावी लागते. आणि घरफोडी म्हणजे कुलूप तोडून, खिडकी उचकटून, जबरदस्तीने आत शिरल्याची खूण हवी. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याने काही नेलं तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात, साध्या चोरीची वेगळी जोड घेतलेली नसेल तर. घर सलग ठरावीक दिवस, बऱ्याच पॉलिसींत ३०, बंद राहिलं तर संरक्षण थांबतं. लांब प्रवासाला जाणार असाल तर आधी कंपनीला लेखी कळवून मुदत वाढवून घ्या.

स्वस्तात बसवायची खरी जागा इथे आहे. घरफोडीचा विमा 'फर्स्ट लॉस' तत्त्वावर मिळतो का ते विचारा. एकूण सामानाची पूर्ण किंमत जाहीर करायची, पण विमा रक्कम तिच्या २५ किंवा ४० टक्केच ठेवायची, हप्ताही त्या मानाने कमी. चोर एका रात्रीत सगळं घर नेत नाही, असा हिशोब त्यामागे आहे. तुमच्या बाबतीत तो अगदी लागू पडतो. चाळीस किलोचा स्पीकर कोणी खांद्यावर टाकून पळत नाही. डॅक, स्ट्रीमर, हेडफोन, कार्ट्रिज, लॅपटॉप जातात. सहज उचलता येणाऱ्या वस्तूंची बेरीज करा, तेवढी रक्कम ठेवा. फर्स्ट लॉस न घेता नुसतीच कमी रक्कम लिहिलीत तर मात्र या विभागात सरासरीचा नियम लागतो: आठ लाखांच्या सामानाला चार लाखांचा विमा असेल, तर दोन लाखांच्या चोरीला एक लाखच मिळतो. पॅकेजमध्ये एका वस्तूला मर्यादा आहे का, हेही इथेच तपासा.

घरफोडी झाली तर एफआयआर लगेच, आणि पुढे पोलिसांचा अंतिम अहवाल. गुन्हा खरा पण चोर सापडला नाही, याला आपल्याकडे 'अ' समरी म्हणतात. कंपनी तो कागद मागते, यायला महिने लागतात, पाठपुरावा सोडू नका.

सेकंडहँड वस्तूंबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातला तोच सगळ्यांत नाजूक भाग आहे. अशा वस्तूंचा क्लेम मिळू शकतो. तुमची वस्तू तुमची होती, आणि ती नेमकी कोणती होती, एवढं सिद्ध व्हायला हवं. विकणाऱ्याकडून मूळ बिलाची प्रत मागा. नसेल तर मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख असं दोन ओळींचं विक्रीपत्र सहीनिशी घ्या. पैसे रोख न देता बँकेतून किंवा यूपीआयने द्या. प्रत्येक उपकरणाच्या मागच्या बाजूचा, सिरियल नंबर वाचता येईल असा फोटो काढा. एक व्हिडिओ खोलीभर फिरवून, बोलत बोलत करा. हे सगळं स्वतःला ईमेल करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो आणि कागद घराबरोबर वाहून जात नाहीत. परदेशातून आणलेल्या वस्तूला कस्टमची पावती असेल तर जपून ठेवा.

रक्कम ठरवताना तुम्ही काय दिलं ते लिहू नका. आज तीच किंवा तशीच वस्तू नवी घ्यायला काय लागेल ते लिहा. आयात मालाच्या किमती रुपया घसरला की चढतात, म्हणून दर नूतनीकरणाला विक्रेत्याचं ताजं कोटेशन मागवा. मॉडेल बंद झालं असेल तर त्याच्या जागी आज कोणतं येतं, हे विक्रेत्याकडूनच लेखी घ्या. असं पत्र आधीपासून फाइलला असलं की माझ्यासारख्याचं काम सोपं होतं आणि तुमची रक्कमही वाढते.

रेकॉर्डचं उत्तर सरळ नाही. साध्या, आजही छापल्या जाणाऱ्या एलपी सर्वसाधारण सामानात जातात. यादी मात्र करा, नुसतं 'सहाशे रेकॉर्ड' असं लिहून भागत नाही. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या किंवा दुर्मिळ पहिल्या आवृत्त्या असतील तर त्यांची किंमत बदलून देण्याच्या खर्चात पकडता येत नाही. त्या मौल्यवान गटात ठरलेल्या किमतीने घालून मागा आणि कंपनीने स्वीकारल्याचं शेड्यूलवर (पॉलिसीच्या तपशीलपत्रावर) छापून घ्या. बुरशी, वाळवी, कसर, हळूहळू झालेली झीज कोणत्याच पॉलिसीत नाही.

दोन छोट्या गोष्टी. घराबाहेर नेलेली वस्तू भारत गृह रक्षामधून बाहेर पडते. मित्राकडे, गणपतीच्या मांडवात, कुठेही. वरचेवर नेत असाल तर तेवढ्या वस्तूला 'ऑल रिस्क' जोड (घराबाहेरच्या नुकसानीलाही लागू होणारी) घ्या, ती महाग असते म्हणून तेवढ्याच वस्तूला. आणि घर बदलताना पॅकर्स-मूव्हर्सनी आकारलेल्या 'इन्शुरन्स'च्या पैशाबदल्यात तुमच्या नावाची, विमा कंपनीची ट्रान्झिट (वाहतुकीतल्या नुकसानीची) पॉलिसी मागा. त्यांच्या बिलावरच्या एका ओळीला अर्थ नाही.

तुमच्या जागी मी असं करेन: सगळ्या सामानाला पंधरा लाखांची, नुसत्या सामानाची भारत गृह रक्षा, घरफोडी फर्स्ट लॉसवर चार लाखांपर्यंत, बिघाडाचा विभाग नाही, त्याऐवजी बोर्डातले दोन प्रोटेक्टर. दोन-तीन कंपन्यांकडून, एक सरकारी धरून, याच रचनेचं कोटेशन मागवेन. सोबत वस्तूंची यादी जोडून ईमेलने विचारेन: 'या वस्तू सर्वसाधारण सामानात धरल्या जातात का, एका वस्तूला मर्यादा आहे का, सेकंडहँड वस्तूला कोणते कागद लागतील?' एजंट फोनवर 'सगळं कव्हर आहे सर' म्हणेल, त्याला हेच लेखी द्यायला सांगा. पुढे वाद झालाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

आणि पाणी घरात शिरलंच तर मेन स्विच बंद करा, तेही कोरड्या जागी उभं राहून हात पोचत असेल तरच. भिजलेला अॅम्प्लिफायर 'चालतोय का बघू' म्हणून लावू नका. पुराचं नुकसान विम्यात आहे, पण भिजल्यावर लावून झालेलं शॉर्ट वर सांगितलेल्या विजेच्या अपवादात जाऊ शकतं. वस्तू होती त्या जागी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची खूण फोटोत येऊ द्या, त्याच दिवशी कंपनीला कळवा, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भंगारवाल्याला काहीही देऊ नका.