सिग्मा-डेल्टा मॉड्युलेटरचा क्लॉक किती वाढवावा?

प्रश्न : मी जळगाव येथे इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात शिकते. २० किलोहर्ट्झपर्यंतच्या ध्वनीसाठी आमच्या गटाने दुसऱ्या ऑर्डरचा, एक बिटचा स्विच्ड-कपॅसिटर सिग्मा-डेल्टा मॉड्युलेटर (ध्वनीसंकेताचे डिजिटल बिटांत रूपांतर करणारे सर्किट) केला असून ५.१२ मेगाहर्ट्झ क्लॉकवर तो व्यवस्थित चालतो. क्लॉक दुप्पट केल्यास संकेत-नॉइज गुणोत्तरात १५ डेसिबलचा लाभ व्हायला हवा. सिम्युलेशनमध्ये मात्र हार्मोनिक्स (मूळ संकेताच्या पटीतील नको असलेल्या वारंवारता) वाढतात. ऑप-अँपची गेन-बँडविड्थ २५ मेगाहर्ट्झ, स्ल्यू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) मायक्रोसेकंदाला २० व्होल्ट, फीडबॅक फॅक्टर ०.५ आणि इनपुट कपॅसिटर १ पिकोफॅरड आहे. चूक कोठे होत असावी?

उत्तर : दुप्पट क्लॉकला १५ डेसिबल हे आपले सूत्र बरोबर आहे, परंतु ते केवळ क्वांटायझेशन नॉइजविषयी (संकेत मोजक्या पातळ्यांत बसवताना होणाऱ्या त्रुटीविषयी) बोलते, ऑप-अँपला लागणारा वेळ त्यात कोठेच येत नाही. ५.१२ मेगाहर्ट्झला क्लॉकचा अर्धा कालावधी सुमारे ९८ नॅनोसेकंद असतो आणि दोन फेजांमधील मोकळी जागा ५ नॅनोसेकंद धरली, तर इंटिग्रेटरच्या (मॉड्युलेटरमधील संकेताची बेरीज साठवणाऱ्या टप्प्याच्या) हाती ९३ उरतात. आपल्या आकड्यांवरून टाइम कॉन्स्टंट (आउटपुट किती लवकर स्थिरावते याचे माप) १२.७ नॅनोसेकंद येतो. आउटपुटला १ व्होल्टची उडी घ्यायची असेल, तर पहिले ३७ नॅनोसेकंद निव्वळ स्ल्यूइंगमध्ये, म्हणजे कमाल वेगाने धावण्यात, जातात आणि स्थिरावण्यासाठी ५५ मिळतात, म्हणजे चारहून अधिक टाइम कॉन्स्टंट. क्लॉक दुप्पट केला की हेच ५५ नॅनोसेकंद जेमतेम साडेसहावर येतात. जिनिंगच्या आवारात काटा डोलत असतानाच कापसाचे वजन लिहून घ्यावे, तसा हा प्रकार होतो.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. सेटलिंग (आउटपुटचे स्थिरावणे) अपुरे असले तरी ते पूर्णतः रेषीय असेल, तर इंटिग्रेटरचा गेन थोडा बदलतो एवढेच, आणि दुसऱ्या ऑर्डरचे लूप ते बऱ्यापैकी सहन करते. स्ल्यूइंगमुळे होणारी त्रुटी मात्र उडीच्या आकारावर, पर्यायाने संकेतावर अवलंबून असते. आपल्याला दिसलेली हार्मोनिक्स बहुधा तिचीच आहेत. पहिल्या इंटिग्रेटरकडे आधी पाहावे, कारण त्याच्या दोषाला नॉइज शेपिंगचे (नॉइज ध्वनीच्या बँडबाहेर ढकलण्याच्या क्रियेचे) संरक्षण मिळत नाही.

शिवाय क्लॉक वाढवून मिळणार तरी किती? १ पिकोफॅरडवरील थर्मल (उष्णतेमुळे होणारा) नॉइज ६४ मायक्रोव्होल्ट. दोन्ही फेज आणि १२८ पट ओव्हरसॅम्पलिंग (गरजेहून जास्त वेगाने नमुने घेणे) जमेस धरता बँडमध्ये सुमारे ८ मायक्रोव्होल्ट उरतो. अर्धा व्होल्ट ॲम्प्लिट्यूडच्या साइन संकेताला हे गुणोत्तर ९३ डेसिबल भरते. क्लॉक दुप्पट करून या नॉइजमध्ये फक्त ३ डेसिबलची घट होते, १५ ची नव्हे. जिटरची (क्लॉकच्या वेळेतील अस्थिरतेची) चिंता तूर्त सोडावी. २० किलोहर्ट्झच्या संकेतावर १०० पिकोसेकंदांचा जिटरही आपल्याला अडवणार नाही.

माझ्या मते ५.१२ मेगाहर्ट्झवरच थांबावे आणि स्केलिंग बदलून इंटिग्रेटरची उडी लहान करावी. दुप्पट, म्हणजे १०.२४ मेगाहर्ट्झचा आग्रहच असेल, तर ऑप-अँपचा बायस करंट वाढवावा लागेल, म्हणजे वीजखर्च आला. मल्टि-बिट क्वांटायझरनेही उडी लहान होते, पण फीडबॅकमधील डीएसीच्या (डिजिटलचे पुन्हा ॲनालॉग करणाऱ्या भागाच्या) घटकांचा मेळ बसवणे हे एका सत्राच्या प्रकल्पाला जड जाते. कोणताही मार्ग घेतला तरी सिम्युलेशन २७ अंशांवर संपवू नये. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, उन्हातल्या बंद डब्यात त्याहूनही वर, आणि तापमानासोबत मॉसफेटची मोबिलिटी घटून ऑप-अँप मंदावू शकतो. म्हणून ८५ अंशांवर, स्लो कॉर्नरला (ट्रान्झिस्टर सर्वात मंद धरून) सेटलिंग पुन्हा तपासावे.