टाकी भरलेली, तरी पाणी जुनंच

प्रश्न : आमचं घर वेंगुर्ल्याजवळ, किनाऱ्याला लागूनच. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद अशा टाकीत गप्पी आणि दोन गोल्डफिश आहेत. वर पंखा असतो, त्यामुळे आठवड्याला दोन बोटं पाणी उतरतं. तेवढं विहिरीचं पाणी मी न चुकता घालते. दिवाळीपासून पाणी बदललेलं नाही, कारण ते नितळ दिसतं. आता काचेवर पांढरा पट्टा आलाय, मासेही मलूल आहेत. सगळं पाणी काढून टाकी धुऊन घेऊ का?

उत्तर : नको, ताई. टाकी धुऊ नका आणि सगळं पाणी तर मुळीच काढू नका. आज पाच-सहा लिटर काढा आणि तेवढंच ताजं घाला.

तुम्ही घालताय ती नुसती भर आहे. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार टाकीतच राहतात. शिरोड्याच्या मिठागरांत मुद्दाम करतात तेच तुमच्या टाकीत नकळत चाललंय. हिशेब करून बघा. पाणी फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर. दोन बोटं म्हणजे साधारण ३ सेंटिमीटर, तुमच्या टाकीत जवळपास साडेपाच लिटर. दहा आठवड्यांत टाकीभर विहिरीचं पाणी वरून पडलं आणि त्यातले क्षार कुठेच गेले नाहीत, म्हणजे ते दुप्पट झाले. शिमग्यापासून मिरगापर्यंत एवढे दिवस सहज जातात, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात त्याही याच दिवसांत.

तो पट्टा नखाने खरवडून बघा, खरखरीत लागेल. पाणी आटता आटता क्षार काचेला धरतात, त्याचाच तो थर. आमच्या रत्नागिरीच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी हलकं, त्यामुळे माझ्या टाकीला असा पट्टा क्वचितच दिसतो. गणपतीपुळ्याला बहिणीकडे वाळूतली विहीर आहे, तिच्या टाकीवर तो लगेच धरतो.

नितळपणावर विसंबू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. त्या नायट्रेटला ना रंग ना वास. थोडं वनस्पती शोषतात, बाकीचं आपणच पाण्याबरोबर बाहेर काढायचं. त्यात गोल्डफिश भरपूर खातात आणि तितकीच घाण करतात. माझं स्पष्ट मत, त्यांना या टाकीपेक्षा मोठी जागा हवी.

मग एकदम सगळं का बदलायचं नाही? या दाट पाण्याची माशांना हळूहळू सवय झालीय. अचानक पातळ पाणी मिळालं तर अंगातला पाण्याचा आणि क्षारांचा तोल सांभाळताना त्यांचा जीव जातो. खडे आणि स्पंज खसखसून धुतले की जिवाणूही जातात आणि अमोनिया साचायला लागतो. म्हणून दोन-तीन आठवडे दर तीन दिवसांनी पाच-सहा लिटरच बदला. मासे तरतरीत झाले की दर आठवड्याला पाव टाकी. पाणी वरून तांब्याने उपसू नका. नळी खड्यांपर्यंत सोडा आणि तळाचा गाळ ओढून घ्या. स्पंज काढलेल्या त्याच पाण्यात नुसता पिळा.

पावसाच्या तोंडावर विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, तेव्हा विशेष जपा. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि जिवाणूंनाही मारतो. अशा वेळी पाणी रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत दिवसभर उघडं ठेवा, अधूनमधून ढवळा. तांब्याच्या हंड्यात साठवलेलं पाणी टाकीत कधीच नको. आपण ते आवडीने पितो, पण तांब्याचा अंश माशांना बाधतो.

वाफेची भर घालायला पागोळ्यांचं पाणी उत्तम, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतातच. पहिल्या काही सरींनी कौलं धुऊन निघू द्या, मग बादली लावा. जस्ताच्या पत्र्यावरून आलेलं मात्र घेऊ नका. आणि पागोळ्यांचं पाणी फक्त भरीला वापरा. पाणी बदलताना विहिरीचंच घ्या, गप्पींना थोडे क्षार लागतातच.