"मला जूनपासून बाबांकडे राहायचंय"

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. 2018 मध्ये पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. कन्सेंट टर्म्सप्रमाणे, म्हणजे तेव्हा दोघांनी मान्य केलेल्या अटींप्रमाणे, ताबा माझ्याकडे आहे. दुसरा-चौथा शनिवार-रविवार आणि निम्मी सुट्टी तो वडिलांकडे असतो, आणि त्याच्या खर्चाचे महिना दहा हजार ते देतात. आता तो आठवीत आहे. दिवाळीला पुण्याहून आला आणि चौथ्या दिवशी जेवताना म्हणाला, "मला जूनपासून बाबांकडे राहायचंय." का, तर "तिकडे मला सारखं कुणी काही विचारत नाही." त्याच आठवड्यात दप्तर आवरताना आतल्या कप्प्यात वडिलांच्या फ्लॅटची किल्ली सापडली. मी ती कपाटात ठेवून दिली आहे. वडिलांचं दुसरं लग्न झालंय, दोन वर्षांची मुलगी आहे. माझा भाऊ म्हणतो, मुलगा मोठा झाला की कायद्याने बापाचाच, कोर्टात गेलीस तर हरशील. मुलगा म्हणतो म्हणून कोर्ट त्याला पाठवेल का? कोर्टात न जाताच पाठवलं तर चालेल का?
एक आई, सातारा

उत्तर : आधी तुमच्या भावाने घातलेली भीती काढून टाकू. 'पाच वर्षांपर्यंत आईचं, नंतर बापाचं' हे मी बावीस वर्षांच्या वकिलीत जवळजवळ प्रत्येक पक्षकाराच्या नातेवाइकाकडून ऐकलंय. कायद्यात त्यातलं अर्धंच आहे. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं, एवढंच 1956 चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा सांगतो. पाच पूर्ण झाली की ते वडिलांकडे जातं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. वडिलांना नैसर्गिक पालक म्हटलंय हे खरं, पण त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने मुलाचं हित सगळ्यांच्या वर ठेवलंय.

आता मुलाच्या म्हणण्याचं. त्याला किंमत आहे, आणि चांगली आहे. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा अजून लागू आहे. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालयाला ती विचारात घेता येते, असं तो म्हणतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्येही, शक्य असेल तिथे मुलांच्या इच्छेला धरून आदेश करावा असं आहे. 'इतकं मोठं' म्हणजे किती वर्षांचं, याचा आकडा दोन्हीकडे नाही. तेरा-चौदा वर्षांचं मूल नीट बोलत असेल तर न्यायाधीश त्याचं मन लावून ऐकतात, असा माझा अनुभव आहे. मात्र निर्णयाचं ओझं त्याच्या डोक्यावर टाकत नाहीत. शाळा कुठली, घरी दिवसभर कोण असतं, सावत्र आईशी कसं जमतं, त्याला कुणी पढवून आणलंय का, हे सगळं बघतात. 2018 चा आदेशही काळ्या दगडावरची रेघ नाही. ताब्याचे आदेश मुलाच्या हितासाठी पुढे बदलता येतात, संमतीने झालेलेसुद्धा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच रोझी जेकब खटल्यात स्पष्ट केलंय.

मुलाला भर कोर्टात उभं करतील का, ही धास्ती तुमच्या मनात असणारच. तसं करत नाहीत. विवाह समुपदेशक त्याच्याशी बोलतात, आणि न्यायाधीश बोलतात ते आपल्या दालनात, आईवडिलांना बाहेर बसवून. तरीही ते मुलाला सोपं जात नाही. माझ्या एका पक्षकाराची पंधरा वर्षांची मुलगी अशीच वीस मिनिटं आत होती. बाहेर एकाच बाकाच्या दोन टोकांना आई आणि वडील. ती बाहेर आली आणि सरळ पाण्याच्या कूलरकडे गेली. पेला भरला, दोघांकडे पाठ करून घोटघोट पाणी प्यायली, मग दुसरा पेला भरला. आधी कुणाकडे जायचं ते सुचत नव्हतं, असं तिनेच नंतर मला सांगितलं. त्या दिवसापासून, आईवडील एकमेकांशी चार वाक्यं तरी बोलू शकत असतील, तर मी भांडणाचा अर्ज लिहायला घेत नाही.

तुम्ही बोलू शकता, हे पत्रावरून दिसतंय. व्यसन, मारहाण, मुलाकडे दुर्लक्ष असं वडिलांबद्दल तुम्ही एका शब्दाने लिहिलेलं नाही. तसं काही असतं तर 'ठाम विरोध करा' असंच मी सांगितलं असतं.

मुलाचं ते वाक्य तुम्ही लिहिलंत आणि लगेच किल्लीवर गेलात. मी मात्र त्या वाक्यापाशीच थांबले. तुम्ही संध्याकाळी घरी आल्यावर त्याला किती प्रश्न विचारता? डबा संपवला का, क्लासला गेलास का, मोबाइलवर कोण होतं, पेपर दाखव. एकट्या आईला विचारावंच लागतं, ते मला कळतं. तरी आठ दिवस काहीही न विचारता नुसतं त्याच्याबरोबर जेवून बघा. शाळेत कुणी त्रास देतंय का, याची वर्गशिक्षकांकडे हळूच चौकशी करा. आणि त्याच्या वडिलांना सांगा की मे महिना त्याला पाहुण्यासारखा ठेवू नका. अभ्यास, भाजी आणणं, रात्री रडणारी धाकटी बहीण, सगळं त्याला दिसू दे. महिन्यातले चार दिवस राहणं आणि रोज राहणं यातला फरक त्याला अजून माहीत नाही.

त्यानंतरही तो जायचं म्हणाला तर जाऊ द्या. पण तोंडी नको. तुम्ही आपसांत ठरवून पाठवलंत तर कुणी अडवायला येत नाही, फक्त जुना आदेश तसाच उभा राहतो. महिन्याचे दहा हजार कागदावर थकत राहतात, आणि शनिवार-रविवारी मुलगा तुमच्याकडे येण्याचा हक्क कुठेच लिहिलेला नसतो. उद्या कुणाचं बिनसलं तर दोघंही अडकता. म्हणून पुण्याच्या त्याच न्यायालयात दोघांनी मिळून कलम 26 खाली अर्ज करा आणि नव्या अटी दाखल करा. कौटुंबिक न्यायालयात तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता, वकील तिथे न्यायालयाच्या परवानगीने येतो. उद्या त्यांनी एकट्याने 1890 च्या कायद्याखाली ताबा मागायचं ठरवलं, तर तो अर्ज मूल नेहमी राहतं तिथे, म्हणजे साताऱ्यात करावा लागेल. त्या अर्जासाठी तुम्हाला पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत.

अटींमध्ये बारीकसारीक लिहा. स्वारगेटला एसटीत कोण बसवणार, साताऱ्याला उतरवून कोण घेणार, फी कोण भरणार, आजारी पडला तर तुम्हाला किती वेळात कळवणार. खर्चाची रक्कम दोघांच्या पगाराकडे बघून नव्याने ठरवा. आणि एक अट माझ्या आग्रहाखातर घाला : वर्षभराने त्याला परत यावंसं वाटलं तर वडील हरकत घेणार नाहीत. शब्द देऊन बसलोय, आता मागे कसं फिरू, या संकोचाने मुलं नको त्या घरात दिवस काढतात, हे मी पाहिलंय. जायचंच असेल तर नववीच्या सुरुवातीला, जूनमध्येच जाऊ दे. दहावीच्या मध्यावर शाळा बदलायची वेळ आणू नका.

किल्लीचं राहिलं. ती त्याला त्याच्या वडिलांनी दिली आहे, ती त्याची आहे. दप्तरात ती नाही हे त्याला एव्हाना कळलं असेल, आणि तो तुम्हाला विचारत नाहीये. आज रात्री त्याच्या हातात द्या, आणि मीच काढून ठेवली होती, हे सांगा.