चौथीच्या वर्गात संभाव्यता: दोन नाणी आणि चार चिंचोके

ताई, चौथीच्या मुलांचे अपूर्णांक अजून कच्चे आहेत, मग संभाव्यता कुठून सुरू करू, असं तुम्ही विचारलंय. अपूर्णांकांसाठी थांबू नका. आपल्या राज्याच्या पुस्तकात या नावाचा धडा येतो दहावीत, आणि तोवर 'फाशावरचा सहा माझ्यावर रुसलाय' हा समज मुलांच्या डोक्यात पक्का बसतो. चौथीत तो नुसत्या मोजणीने सैल होतो.

मी एक रुपया आणि पाच रुपये अशी दोन नाणी घेते, मुद्दाम वेगवेगळी. टाकण्याआधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा. हे चुकवू नका, नाहीतर नंतर सगळेच 'मला माहीत होतं' म्हणतात. मुलं सांगतात: दोन्ही छापा, दोन्ही काटा किंवा एकेक, प्रकार तीन, म्हणजे तिन्ही सारखेच येणार. मग जोड्या वीस-वीसदा नाणी टाकून ताळ्याच्या खुणा करतात आणि आम्ही सगळ्या वर्गाची बेरीज फळ्यावर मांडतो. 'एकेक'चा रकाना बाकी दोघांच्या बेरजेच्या आसपास जातो. कारण सांगायची घाई करू नका. माझ्या वर्गात एका मुलीने दोन दिवसांनी सांगितलं, "बाई, रुपयावर छापा नि पाचवर काटा हे वेगळं, आणि उलटं वेगळं." नाणी सारखी असती तर तिला हे दिसणं कठीण होतं.

चुकणाऱ्याला कोणी हसलं तर दालाँबेरची गोष्ट सांगा. 1754 साली या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानेही पहिल्याच फेकीत छापा, आधी काटा मग छापा किंवा दोन्ही काटा असे तीन प्रकार सारखे धरले आणि दोन फेकींत एकदा तरी छापा येण्याची शक्यता चारात तीनऐवजी तीनात दोन काढली.

त्यानंतर फोडलेले चिंचोके, एक बाजू पांढरी, एक काळी. हे नाण्यासारखे निम्मे-निम्मे पडतीलच असं नाही. इथे डोकं चालवून भागत नाही, शंभरदा टाकून मोजावंच लागतं. मला हा तास सगळ्यांत मोलाचा वाटतो. नाणं आणि फासा यांवरच थांबलं, तर मुलं उद्याच्या पावसालाही 'पडेल किंवा नाही पडणार, म्हणजे निम्मी शक्यता' म्हणतात.

शब्द चारच पुरेत: नक्की, बहुतेक, क्वचित, अशक्य. शेवटच्या दोघांत मुलं फार गोंधळतात. चल्लस-आठ, म्हणजे चार चिंचोके टाकून पटावर खेळायचा खेळ, सुरू करण्याआधी 'चारही काळे पडतील का?' याला यांतला एक शब्द वहीत लिहायला लावा. खेळताना चारही चिंचोके काळे पडून आठाचं दान आलं, की खेळ तिथेच थांबवा आणि मघाशी वहीत 'अशक्य' लिहिलेल्यांना पान उघडायला सांगा.