कान्हेरीच्या भिंतींतले दगड

प्रश्न : बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आम्ही काही निवृत्त मंडळी नेहमी फिरायला जातो. कान्हेरी लेण्यांच्या भिंतींत जागोजागी वेगळ्या रंगाचे दगड रुतलेले दिसतात. ही नंतरची डागडुजी आहे, असे कोणी सांगते. खरे काय? असा एखादा दगड नमुना म्हणून घरी आणता येईल का?

उत्तर : आपण पाहिलेले दगड मूळ खडकाचाच भाग आहेत. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या ज्वालामुखीय घडामोडींच्या अखेरच्या काळात, मुंबईच्या परिसरात स्फोटक उद्रेक झाले. सह्याद्रीचा काळा पाषाण शांतपणे पसरलेल्या लाव्हाच्या थरांनी बनला. इथे मात्र स्फोटात फुटलेल्या खडकांचे तुकडे राखेत मिसळून साचले आणि कालांतराने सारे एकजीव होऊन घट्ट झाले. या खडकाला ब्रेशिया म्हणतात. पुढच्या वेळी तुकड्यांच्या कडा अवश्य निरखाव्यात. त्या नदीतल्या गोट्यांसारख्या गुळगुळीत नसून टोकदार असतात, म्हणजेच हे दगड पाण्याबरोबर लांबून वाहत आलेले नाहीत.

हा खडक बारीक नक्षीकामाला फारशी साथ देत नाही, परंतु याच डोंगरात इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासपासून पुढे अनेक शतके शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. मोठे चैत्यगृह सर्वच जण पाहतात. मला विचाराल तर आधी पाण्याची टाकी पाहावीत. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून लेण्यांजवळच्या टाक्यांत उतरवलेले आहे, आणि चार महिन्यांच्या पावसावर भिक्षूंनी उरलेले वर्ष कसे काढले असेल, हे त्या पन्हळींचा माग काढत चालल्यावर चांगले उमगते. शिलालेखांत या टाक्यांना ‘पाणियपोढी’ म्हटले आहे. कल्याण आणि सोपाऱ्यासारख्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी, गृहस्थांनी लेणी आणि टाकी दान दिल्याच्या नोंदीही तेथे आहेत. ९० क्रमांकाच्या लेण्यात इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख आहेत. एका बौद्ध विहाराच्या भिंतीवर वेगळ्या धर्माच्या माणसांनी आपल्या भेटीची नोंद ठेवावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दगड मात्र घरी आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातील नैसर्गिक ठेव्याला संरक्षण आहे आणि लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. त्याऐवजी तुकड्याशेजारी एखादे नाणे धरून छायाचित्र घ्यावे आणि लेण्याचा क्रमांक टिपून ठेवावा. आकार, कडा आणि रंग यांची तुलना त्यावरून सहज करता येते.